बॅटरीला घडवणारा माणूस : गॅस्टन प्लांटे

लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या धड्यात प्लांटे प्लेट असे दोन शब्द येतात. पाच मार्कांचा प्रश्न सुटतो, सेमिस्टर संपतं आणि प्लांटे कोण होता हे विचारायचं राहूनच जातं. माझंही राहिलंच असतं. पण होस्टेलवर चार खाचांचा प्रोग्रॅमेबल चार्जर आला आणि त्यातल्या रिफ्रेश या मोडचा अर्थ शोधता शोधता मी थेट दीडशे वर्षं मागे गेलो.

प्लांटेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, दक्षिण फ्रान्समधल्या ऑर्थेझ गावचा. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नामवंत पियानोवादक झाला. गॅस्टन मात्र विसाव्या वर्षीच पॅरिसमधल्या एका मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत पदार्थविज्ञानाचा साहाय्यक म्हणून लागला. दुसऱ्याच वर्षी, १८५५ मध्ये, पॅरिसजवळ त्याला एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात. आमच्या सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म बघायला जाणाऱ्यांनी हे नाव जरूर ध्यानात ठेवावं. बॅटरीवाला आणि हाडंवाला माणूस एकच!

त्या काळचे सेल एकदा संपले की संपले. आम्लात बुडवलेल्या दोन धातूंतून वीज सोडली आणि मग तार काढली, तर थोडा वेळ उलटा प्रवाह वाहतो, एवढं माहीत होतं. प्लांटेने एकेक धातू घेऊन हा उलटा प्रवाह तपासला. शिसं सगळ्यांत सरस निघालं. १८५९ साली त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, मधे रबराच्या पट्ट्या घातल्या, गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात ठेवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. १८६० मध्ये त्याने नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

इथे गोष्ट संपत नाही राव, इथून खरा त्रास सुरू होतो. नवाकोरा पत्रा वीज फारच थोडी धरायचा. मग चार्ज कर, डिस्चार्ज कर, प्रवाह उलटा कर, काही दिवस विश्रांती दे, पुन्हा चार्ज कर. दर फेरीला पत्र्याचा पृष्ठभाग आणखी सच्छिद्र व्हायचा आणि क्षमता वाढायची. या कामात महिने जायचे. याच क्रियेला आपण फॉर्मिंग म्हणतो.

दुसरी अडचण चार्जरची. डायनामो अजून वापरात नव्हता. जस्त आणि नायट्रिक आम्ल खाणारे बुन्सेन सेल लावून चार्जिंग करावं लागे. दोन बुन्सेन सेलचे मिळून चार व्होल्टसुद्धा होत नाहीत. म्हणून प्लांटेने युक्ती केली. भरताना सगळे सेल पॅरललमध्ये आणि वापरताना एका स्विचने सिरीजमध्ये. भरलं हळूहळू, सोडलं जोरात! पुढे त्याने शेकडो सेल असे जोडून विजेचे प्रयोग केले. १८७० च्या दशकात ग्रामचा डायनामो आला, १८८१ च्या सुमारास फोरने शिशाच्या संयुगांचा लेप दिलेली प्लेट काढली, आणि मग कुठे ही बॅटरी बाजारात पाय रोवू लागली. म्हणजे बॅटरी तयार होती, चार्जरसाठी वीस वर्षं थांबली. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, प्लांटे गेला.

आता आपल्या चार्जरकडे वळू. आपले एए सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, रसायन वेगळं. पण बरेच महिने पडून राहिलेला सेल दोन-तीन फेऱ्यांत पुन्हा जागा होतो. रिफ्रेश मोड तेच करतो. क्षमता वाढायची थांबली की तोही थांबतो.

फरकही लक्षात ठेवा. प्लांटे मुद्दाम प्रवाह उलटा करायचा, आपल्या सेलला तेच घातक. टॉर्चमध्ये सेल सिरीजमध्ये असतात. तीन दमदार आणि एक कमजोर असेल तर कमजोर आधी रिकामा होतो, आणि बाकीचे त्याच्यातून उलटं ढकलत राहतात. म्हणून टेस्ट मोडवर प्रत्येकाची क्षमता मोजा, सेलवर मार्करने आकडा आणि तारीख लिहा, सारख्या आकड्यांचे जोड लावा.

चार्जर सेल ओळखत नसेल तर आधी टोकं कोरड्या कापडाने पुसा. तरीही नाही, तर सेलचं व्होल्टेज फारच खाली गेलेलं असतं. साध्या चार्जरवर समोर बसून काही मिनिटं ठेवा आणि परत लावा. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर ठीक. फार कमी करंट दिला तर सेल भरल्यावर व्होल्टेजला पडणारी बारीकशी उतरण चार्जरला दिसतच नाही, आणि चार्जिंग चालूच राहतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी चार्जिंग अर्धवट तुटलं तर चार्जर बिघडला असं समजू नका. गरम झाल्यामुळे तो स्वतःला जपतो. पहाटे लावा. आणि अल्कलाइन सेल यात कधीच नाही.

आमच्या गडचिरोलीकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. मोहफुलं वेचायला माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात. समोर अस्वल आहे की वाघ, हे ती बॅटरी ऐनवेळी लागली तरच कळतं. तेव्हा सुट्टीत गावी जाताना एक काम करा. चार सेल नीट मोजून, आकडा लिहून घरी घेऊन जा. आणि आकडा ज्याचा सगळ्यांत कमी, तो भिंतीवरच्या घड्याळात घाला, जंगलात जाणाऱ्याच्या हातात देऊ नका.