जेलमध्येही भटकणारे काका

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या ग्रुपवर नेमकी जपानची रील्स यायला लागतात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा बर्फ, फुरानोची लॅव्हेंडरची जांभळी शेतं, बिएईचं निळंशार तळं. सकाळी सापोरोहून निघायचं, रात्री परत. गंमत म्हणजे ते निळं तळं निसर्गाने केलेलंच नाही. ज्वालामुखीतून येणारा चिखल अडवायला बांध घातले, पाणी साचलं आणि तळं तयार झालं. आपण लाइक ठोकतो आणि आपल्या वाशिममध्ये बघायला आहे काय, असं म्हणत कूस बदलतो.

रील्स नव्हती तेव्हा एक मराठी माणूस सत्तरीला टेकलेला असताना जपानला गेला आणि त्या देशावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, तेही गुजरातीत. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच काकासाहेब कालेलकर. गांधीजींचे सहकारी एवढीच ओळख असेल तर थांबा. हा माणूस आधी पक्का फिरस्ता होता, बाकी सगळं नंतर.

जन्म साताऱ्याचा, १ डिसेंबर १८८५. वडील सरकारी नोकरीत, त्यांच्या बदल्या आणि दौरे सुरूच. त्यामुळे सातारा, कारवार, बेळगाव असं करत लहानपण गेलं. कारवारला समुद्र भेटला आणि बघण्याची चटक लागली ती कायमची. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बीए झाले. मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला लागले. तिथे शिक्षकांना सर वगैरे म्हणत नसत, घरातल्यासारखी नाती लावत. कुणी मामा झालं, कालेलकर काका झाले. पंचविशीतच मिळालेलं ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

राष्ट्रीय बाण्याची शाळा इंग्रज सरकारला खुपत होती. दबाव आला आणि शाळा बंद पडली. नोकरी गेल्यावर आपण काय करू? काका १९१२ मध्ये हिमालयात निघून गेले. सोबत स्वामी आनंद. गंगोत्री, जम्नोत्री, केदार, बद्री, सगळं पायी. पाठीवर किती ओझं परवडतं आणि रात्री चट्टीवर काय शिजतं, हे तेव्हाच कळलं. मनात संन्यासाचा विचार होता. घरी पत्नी होती. त्या दिवसांत तिने घर कसं ओढलं असेल, हा प्रश्न आज पडतोच. डोंगरातल्या वाटांइतकं त्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही.

संन्यास काही झाला नाही. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजी भेटले आणि काका साबरमतीच्या आश्रमात गेले. तिथल्या पोरांसाठी त्यांनी हिमालयाच्या आठवणी लिहायला घेतल्या. ‘हिमालयनो प्रवास’ १९२४ मध्ये पुस्तक म्हणून आलं आणि गुजराती प्रवासवर्णनात त्याचं नाव आजही पहिल्या रांगेत घेतात. मराठी माणसाने परक्या भाषेत असा झेंडा लावला की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवून टाकलं.

त्याच्या आधी, १९२३ मध्ये, साबरमतीच्या जेलची वारी झाली होती. तिथे ना डोंगर ना नदी. मग काकांनी तिथले कावळे, खारी आणि मुंग्या बघायला सुरुवात केली. त्यावरही पुस्तक झालं, ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती. जेलच्या अंगणातली मुंग्यांची रांग ज्याला पर्यटनस्थळ वाटते, त्याला कुठे बोअर होणार?

खरी कसोटी लागली ती १९२७ मध्ये. गांधीजी मोठ्या आजारातून उठून म्हैसूर संस्थानात फिरत होते. मुक्काम सागर गावी पडला. तिथून जोगचा धबधबा जवळच. शरावती नदी तिथे २५३ मीटर खाली उडी घेते. नायगारा त्याच्यापुढे बुटका. काकांनी गांधीजींना गळ घातली की एवढ्या जवळ आलोय, चला बघून येऊ. गांधीजींनी साफ नकार दिला. असल्या हौशी मला परवडत नाहीत, तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही जा, मुलांना शिकवायला काहीतरी मिळेल, असा त्याचा अर्थ. काकांनी धबधब्याची उंची सांगून पाहिली, तर पाऊस आभाळातून किती उंचावरून पडतो, असा उलटा सवाल आला! मग निदान महादेवभाई देसाईंना तरी पाठवा, अशी विनंती झाली. त्यावर, महादेवचा जोग मीच आहे, तो यायचा नाही, असं उत्तर मिळालं. महादेवभाई खरंच गेले नाहीत.

काका गेले. आपला नेता जात नाही म्हणून आपणही मन मारायचं, हे त्यांना पटलं नाही. नदी आणि धबधबा बघणं ही त्यांच्या लेखी सुट्टी नव्हती. ज्या देशासाठी जेलमध्ये जायचं, तो देश आधी डोळे भरून बघायला नको का? मला इथे काकांचंच पटतं. आणि गंमत बघा, स्वातंत्र्याच्या सुमारास जोगला वीजघर झालं, त्याला नाव आहे महात्मा गांधींचं.

आता जपान. ती वाट आपल्या विदर्भातूनच गेली. १९३३ मध्ये निचिदात्सु फुजीई हे जपानी भिक्षू गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. त्यांचे भिक्षू आश्रमात राहिले, प्रार्थनेत त्यांचा ढोल वाजू लागला. वर्ध्याचा शांतिस्तूप पाहिला असेल तर तो याच फुजीई गुरुजींच्या परंपरेतला. हिंदीच्या प्रचारासाठी काकाही पुढे वर्ध्यात राहिले आणि फुजीईंशी त्यांचं मैत्र जुळलं. १९५४ मध्ये काका पहिल्यांदा जपानला पोचले. तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते, देशाच्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. म्हणजे कामाचा डोंगर. तरी पुन्हा पुन्हा गेले. १९५८ मध्ये ‘उगमणो देश’ आलं. अणुबॉम्बच्या जखमा ताज्या असलेला देश एक म्हातारा भारतीय बघत होता. त्या पुस्तकाची हिंदी आवृत्तीही आहे.

त्यांचं दुसरं वेड नद्यांचं. नद्यांवरचं पुस्तक ‘लोकमाता’, त्याचाच वाढलेला अवतार ‘जीवनलीला’. ते वाचून काटेपूर्णेकडे बघाल तर वेगळंच वाटेल. ती आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, हे अकोल्याचं पाणी पिणाऱ्या किती जणांना माहीत असतं? आणि सकाळची गाडी धरली तर लोणारचं सरोवर बघून संध्याकाळी घरी येता येतं.

१९६४ मध्ये काकांना पद्मविभूषण मिळालं. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, पंचाण्णव वर्षांचे असताना, ते गेले.