हक्कासाठी उभा राहिलेला सेनापती

रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे. आपल्यामुळे कुणाचा हक्क मारला जात नाही ना, हे तपासण्याचाही हा महिना. इस्लाममध्ये माणसांच्या या हक्कांना ‘हुकूक-उल-इबाद’ म्हणतात. त्यांची आठवण निघाली, की आपल्या मुळशीत सेनापती बापट डोळ्यांपुढे येतात.

पांडुरंग महादेव बापट १८८० साली पारनेरला जन्मले. शिष्यवृत्तीवर एडिनबर्गला शिकायला गेले आणि बॉम्बची विद्या घेऊन परतले. पुढे मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतले. सरकारने मावळ्यांच्या जमिनी कंपनीसाठी संपादित केल्या. ज्यांची घरे आणि भातखाचरे बुडणार होती, त्यांची संमती कुणी घेतली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बापट मावळ्यांबरोबर राहिले, वारंवार तुरुंगात गेले आणि लोकांचे ‘सेनापती’ झाले. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. बापट १९६७ साली वारले. मात्र मावळ्यांचा प्रश्न विरला नाही. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सांगितले.

आज इफ्तारच्या वेळी दिवा लावताना, उजेडासाठी ज्यांचे अंगण बुडाले त्यांच्यासाठीही दुआ मागावी. आणि पुढचा प्रकल्प येईल तेव्हा ग्रामसभेत जाऊन आधी विचारावे.