पदक खिशात होतं, पण शेवटची अर्धा तासाची विश्रांती मिळाली नाही: खाशाबा जाधवांची गोष्ट

हेलसिंकी, २३ जुलै १९५२. कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटं झुंजून मॅटवरून खाली उतरला. लढत एका गुणानं गेली होती. अंगातलं बळ संपलं होतं, घाम अजून वाळलाही नव्हता. तेवढ्यात निरोप आला की पुढची कुस्ती लगेच खेळायची आहे, समोर सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह.

दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो पंचांसमोर मांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील पैलवान, त्यामुळे घरातच तालीम. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी की समोरच्याला हात धरायला मिळेना.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. लाल मातीत वाढलेला हा गडी तिथे मॅटवरच्या कुस्तीत फ्लायवेट गटात सहावा आला. मॅटवर पाय वेगळे पडतात, गुण वेगळे मोजले जातात. हे सगळं नव्यानं शिकूनही सहावा क्रमांक, म्हणजे कमी नव्हतं. खाशाबांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि वजनी गटही वरचा घेतला, ५७ किलोचा बँटमवेट.

खरा डोंगर आला तो अगदी शेवटी. तयारी झाली, निवडीचा वाद झाला, तोही कुस्ती मारूनच मिटवावा लागला. आणि मग कळलं की फिनलंडला जायला पैसेच नाहीत. सरकारकडून आधार मिळेना. खाशाबा गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागले. व्यायामाचे दिवस पैशाच्या वणवणीत जात होते. अखेर राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कॉलेजच्या प्राचार्यानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणं ही आजच्या काळात कल्पनेतही न बसणारी गोष्ट आहे.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. पुढचं वर आलंच आहे. त्या दिवशी खाशाबांची जिद्द कमी पडली असं म्हणणं चूक ठरेल. थकलेल्या स्नायूंना सावरायला वेळ लागतो आणि तो वेळ मागायला कोपऱ्यात आपलं माणूस लागतं. तेवढंच नव्हतं.

परतल्यावर कराडला शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपले आणि खाशाबांनी पहिलं काम केलं ते कोल्हापुरात कुस्त्या लावण्याचं. त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. नोकरीत मात्र ते सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळानं. भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसच्या रूपानं, म्हणजे हेलसिंकीनंतर तब्बल ४४ वर्षांनी. २०१० पासून दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबांचं नाव आहे.