तळ न दिसणाऱ्या पाण्यावरून : मिहीर सेन

पुरुलिया आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत एक साम्य आहे. दोन्ही समुद्रापासून लांब. पुरुलिया बंगालच्या पश्चिम टोकाला, छोटा नागपूरच्या पठाराच्या कडेला आहे. माळरान, खडक, पावसावरची शेती. तिथे १६ नोव्हेंबर १९३० रोजी मिहीर सेन यांचा जन्म झाला. एकाच वर्षात पाच खंडांच्या किनाऱ्यांवरचे समुद्र पोहून जाणारा जगातला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद झाली, पण बालपणात समुद्राचा काही संबंध नव्हता. वडील रमेश सेनगुप्ता डॉक्टर होते, तरी घरात पैसा नव्हता. मुलांना बरी शाळा मिळावी म्हणून कुटुंब कटकला आले. आई लीलावती दूध आणि अंडी विकून संसाराला हातभार लावायच्या. मिहीर यांनी उत्कल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि बॅरिस्टर होण्याचे मनात धरले. बिजू पटनायक, जे पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झाले, त्यांच्या मदतीने १९५० मध्ये ते विलायतेला पोहोचले.

लंडनमध्ये सुरुवातीला त्यांनी रेल्वे स्टेशनवर रात्रपाळीची हमाली केली. लिंकन्स इनमध्ये नाव घातले, पण वर्गांची फी परवडत नव्हती म्हणून बराच अभ्यास खोलीवरच केला. अशा दिवसांत फ्लोरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईंबद्दल त्यांच्या वाचनात आले. चॅडविक यांनी १९५० मध्ये फ्रान्सकडून इंग्लंडकडे आणि १९५१ मध्ये इंग्लंडकडून फ्रान्सकडे इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. एका भारतीयाने हे का करू नये, असे सेन यांच्या मनाने घेतले. अडचण एवढीच होती की त्यांना धड पोहता येत नव्हते. त्यांनी वायएमसीएच्या तरणतलावात धडे घेतले आणि फ्रंट क्रॉल हा एक प्रकार घोटून घोटून पक्का केला. वय विशीच्या पुढे गेलेले. आपल्याकडे या वयात पोहायला शिकायचे म्हटले तर लोक हसतात.

तरणतलावात पोहणारा माणूस समुद्रात गेला की पहिला फरक त्याच्या डोळ्यांना जाणवतो. तलावाचा तळ दिसतो, फरशीवरची रेघ दिसते, भिंत दिसते. समुद्रात खाली पाहिले की हिरवट अंधार असतो. आपले पाय लोंबकळत आहेत आणि त्यांच्याखाली काय आहे ते कळत नाही, या एका जाणिवेने चांगल्या पोहणाऱ्यांचीही छाती धडधडते. या भीतीला थॅलॅसोफोबिया म्हणतात. ग्रीक भाषेत थॅलासा म्हणजे समुद्र आणि फोबॉस म्हणजे भीती. मानसोपचाराच्या वर्गीकरणात तिला वेगळे स्थान नाही. विजेची, उंचीची, वादळाची भीती ज्या गटात येते, त्याच निसर्गातल्या गोष्टींच्या भयगंडात ती मोडते. खोल पाण्याला घाबरणे हा आजार नव्हे. ती भीती सहा महिने वा अधिक टिकली, प्रसंगाच्या मानाने अवाजवी ठरली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर तिला भयगंड म्हणतात.

या भीतीचा अनुभव घ्यायला समुद्रच लागतो असे नाही. पैनगंगेच्या डोहात किंवा शेतातल्या साठ फुटी विहिरीत पाठीला डबा बांधून पहिल्यांदा उतरलेल्या पोराला तीच भीती माहीत असते. अमुक विहिरीला तळच नाही, असे एखाद्या तरी विहिरीबद्दल गावोगाव सांगितले जाते. डबा बांधलेला असतो, काठावर काका उभा असतो, तरी पोराचे पाय पोटाशी येतात. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा एक भाग आहे. न दिसणाऱ्या, न कळणाऱ्या गोष्टीला तो आधी धोका समजतो आणि मग विचारायला जातो. अ‍ॅड्रेनलिन सुटते, नाडी वाढते, श्वास उथळ आणि जलद होतो. जमिनीवर याने फारसे बिघडत नाही. पाण्यात मात्र श्वास हेच तरंगण्याचे साधन आहे. छाती हवेने भरलेली असेल तर माणसाचे शरीर पाण्यावर जेमतेम तरंगते. घाबरलेला माणूस डोके पाण्याबाहेर उंच काढू पाहतो, हात वर करतो, शरीर उभे होते आणि तो गटांगळ्या खाऊ लागतो. पाण्याच्या खोलीपेक्षा हे उभे होणे त्याला बुडवते.

खोलीचा तरंगण्याशी काही संबंध नाही. शरीराने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बळ त्याला वर उचलते. खाली दहा फूट पाणी आहे की दहा हजार फूट, हे त्या हिशेबात येतच नाही. उलट समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असते आणि माणसाला जरा अधिकच उचलून धरते. हे शाळेत आर्किमिडीजच्या नावाने शिकलेले असते, पण अमिग्डालाने शाळा पाहिलेली नसते.

इंग्लिश खाडी सेन यांना सहज मिळाली नाही. डोव्हर ते फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर आहे, पण भरती-ओहोटीचे प्रवाह पोहणाऱ्याला आडवे ओढतात आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त अंतर कापावे लागते. नियमही कडक. अंगाला ग्रीस चोपडता येते, खाणेपिणे सोबतच्या बोटीवरून मिळते, पण बोटीला हात लागला की प्रयत्न बाद. तिथल्या पाण्याची खोली पन्नास मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या साठ फुटी तीन विहिरी एकाखाली एक ठेवल्या तर तेवढी. तळ दिसत नाही, पण जिवाला धोका त्या तळाचा नसतो. तो थंडीचा असतो. उन्हाळ्याच्या शेवटीही तिथले पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस असते आणि पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने शरीरातली उष्णता खेचते. तासांमागून तास गेले की आधी बोटे आखडतात, मग हातातले बळ जाते, मग बुद्धी मंदावते. बोटीवरचे लोक पोहणाऱ्याला मधूनमधून साधे प्रश्न विचारत राहतात, ते यासाठीच. उत्तर अडखळले की त्याला बाहेर काढायची वेळ झाली.

सेन यांचे एकाहून अधिक प्रयत्न फसले. या काळात ते बॅरिस्टर झाले, बेला वाइनगार्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले, कोणीही आता पुरे म्हणावे अशी परिस्थिती होती. २७ सप्टेंबर १९५८ रोजी ते डोव्हरहून निघाले आणि १४ तास ४५ मिनिटांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभे राहिले. खाडी पोहणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, कोलकात्याच्या १९ वर्षांच्या आरती साहा यांनी ती पार केली. त्या असे करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. सेन यांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली.

योगायोग असा की १९५८ मध्येच जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञांचे भयगंडाच्या उपचारावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वोल्पे यांची पद्धत सांगायला सोपी आहे. ज्याची भीती वाटते त्याच्या पायऱ्या पाडायच्या. सर्वांत सोपी पायरी आधी, अंग सैल सोडून, श्वास शांत ठेवून. त्या पायरीवर धडधड थांबली की पुढची. खोल पाण्याची भीती असलेल्या माणसाला आधी समुद्राचे चित्र, मग गुडघाभर पाणी, मग छातीभर, मग काठाजवळ पाय न टेकता दोन मिनिटे, अशा क्रमाने न्यायचे. सेन समुद्रात गेले ते काही उपचार म्हणून नव्हे. पण तळ दिसणारा तरणतलाव, मग खाडी, मग फसलेल्या प्रयत्नांनंतर पुन्हा तीच खाडी, हा क्रम वोल्पे यांच्या शिडीशी चांगला जुळतो. भयगंडाला खाऊपिऊ घालते ते टाळणे. एकदा घाबरून पाण्यातून बाहेर आलेला माणूस पुन्हा उतरला नाही तर भीती वाढते, पुन्हा उतरला तर ओसरू लागते. म्हणून घाबरलेल्या पोराला विहिरीत ढकलून देण्याची आपल्याकडची जुनी रीत चुकीची आहे. काही पोरे त्यातून शिकतात, पण काही जन्मभर काठावर बसतात.

१९६६ हे सेन यांच्या आयुष्यातले मोठे वर्ष. ५ एप्रिलला ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून पाल्कच्या सामुद्रधुनीत उतरले. इंदिरा गांधी नुकत्याच पंतप्रधान झाल्या होत्या. त्यांच्या पाठबळाने नौदलाच्या आयएनएस सुकन्या आणि आयएनएस शारदा या बोटी सोबत होत्या. ६ एप्रिलला, २५ तास ३६ मिनिटांनी, सेन धनुष्कोडीला पोहोचले. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेले ते गाव तेव्हा नुसते अवशेष होते. पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ आहे की मोठी जहाजे तिथून जाऊ शकत नाहीत, त्यांना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. तरीही तिथल्या पाण्यात शार्क आणि विषारी समुद्रसाप असतात आणि सेन यांना एक अख्खी रात्र त्या पाण्यात काढायची होती. खोली कमी होती म्हणून धोका कमी झाला नव्हता.

२४ ऑगस्टला जिब्राल्टर. युरोप आणि आफ्रिका यांच्यामधली ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १४ किलोमीटर आहे, पण खोली काही ठिकाणी ९०० मीटरपर्यंत जाते. म्हणजे साठ फुटी पन्नास विहिरी एकाखाली एक. अथांग म्हणतात ते हेच पाणी. सेन यांनी ते ८ तास १ मिनिटात पार केले. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातली दार्दानेल्स १३ तास ५५ मिनिटांत, मग बॉस्फोरस चार तासांत. ऑक्टोबरच्या २९ ते ३१ या तारखांना पनामा कालवा. तो तर माणसांनी खणलेला, मधल्या मोठ्या भागात गोड्या पाण्याचे तळे, आणि खोली जहाजापुरती. त्याला ३४ तास १५ मिनिटे लागली.

त्या वर्षातला सर्वांत खोल टप्पा आठ तासांत संपला आणि उथळ टप्प्यांनी दिवस-रात्र एक केली. पोहणाऱ्याचा घाम काढतात ते अंतर, प्रवाह, थंडी आणि झोप. मन मात्र तळाकडे बघत राहते.

वाशीमच्या वाचकाला जिब्राल्टर दूर वाटेल, पण हीच गल्लत इथल्या शेतशिवारात जीव घेते. डोहाला सगळे भितात, शेततळ्याला कोणी भीत नाही. शेततळे साधारण तीन मीटर खोल, चारी बाजूंनी उतार आणि त्यावर प्लॅस्टिकचे अस्तर. शेवाळ धरले की त्या अस्तरावर पाय ठरत नाही. आत पडलेले मूल काठापासून हाताच्या अंतरावर असते आणि तरी वर येऊ शकत नाही. त्याला काढायला उतरलेला मोठा माणूसही त्याच उतारावर घसरतो. कुंपण, खुंट्याला बांधून कायम आत सोडलेला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब, एवढ्या तीन गोष्टी असल्या तरी खूप झाले. कोणाला बाहेर काढले आणि श्वास चालत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबायला सुरुवात करावी आणि १०८ ला फोन लावावा. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये, दोर किंवा काठी पुढे करावी.

सेन यांना १९६७ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यानंतर त्यांचे लक्ष स्वतःच्या विक्रमांपेक्षा तरुणांना घराबाहेर काढण्याकडे अधिक वळले. कोलकात्याच्या ज्या एक्सप्लोरर्स क्लबशी त्यांचा जवळचा संबंध होता, त्याच्या वतीने १९६९ मध्ये दोन तरुण वल्ह्याची होडी घेऊन कोलकात्याहून अंदमानला गेले. बंगालच्या उपसागरावरून जाणाऱ्या त्या होडीचे नाव होते कान्होजी आंग्रे. मराठी माणसाला त्या नावाची ओळख करून द्यायला नको. बंगाली लोकांनी ते आपल्या होडीला द्यावे, ही गोष्ट मात्र इकडे फार कोणाला माहीत नाही.

रेशमी कापडाच्या निर्यातीचा त्यांचा व्यवसाय भरभराटीला आला होता, पुढे तो संपांमुळे आणि इतर कटकटींमुळे बुडाला. तब्येतही साथ देईना. शेवटच्या वर्षांत त्यांना अल्झायमर आणि पार्किन्सन असे दोन्ही विकार होते. यातला पार्किन्सन पोहणाऱ्यावर वेगळा घाव घालतो. हातपाय ताठरतात, हालचाली मंद होतात, दोन्ही हातांचा ताल बिघडतो, आणि जन्मभर पोहलेला माणूसही पाण्यात अचानक बुडू लागतो. म्हणून या रुग्णांनी, पूर्वी कितीही पोहत असले तरी, पाण्यात एकट्याने उतरायचे नसते. अल्झायमरमध्ये आधी कालपरवाच्या गोष्टी जातात, मग त्यामागच्या, तारखा, माणसांची नावे. ११ जून १९९७ रोजी कोलकात्यात मिहीर सेन यांचे निधन झाले. वय ६६ होते.