विद्यापीठाने प्रबंध नाकारला, पण त्यांचं नाव आजही जगभरातल्या एक्स-रे रिपोर्टवर असतं

वयात येणाऱ्या पोरांना घरोघरी एक गोष्ट हमखास ऐकावी लागते: पोक काढू नकोस, ताठ बस. पण काही पोरांची पाठ कितीही प्रयत्न केला तरी सरळ होत नाही. मग डॉक्टर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगतात आणि कधीकधी रिपोर्टवर एक अवघड शब्द येतो, शॉयरमान.

हे एका डॅनिश डॉक्टरचं आडनाव आहे.

होल्गर शॉयरमान यांचा जन्म १८७७ सालचा, डेन्मार्कमधल्या होर्सहोमचा. ते १८ वर्षांचे असताना जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १९०२ मध्ये शॉयरमान कोपनहेगनमध्ये डॉक्टर झाले. पुढे हाडांचे आजार आणि एक्स-रे हे दोन्ही विषय त्यांनी हातात घेतले आणि अपंगांसाठी चालणाऱ्या तिथल्याच एका संस्थेत काम केलं.

तो काळ असा होता की एक्स-रे काढता येत होता, पण तो वाचायचा कसा हे डॉक्टर अजून शिकत होते. मोडलेलं हाड चटकन दिसतं. वाढत्या वयाचं हाड मात्र फसवतं, कारण त्याचा काही भाग अजून कूर्चा असतो आणि साध्या एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. लहान मुलं लंगडू लागली की खुब्याला क्षय झाला असं सर्रास समजलं जायचं. १९१० मध्ये लेग, काल्वे आणि पर्थेस या तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांत दाखवून दिलं की यातल्या काही मुलांना क्षय नसतोच, तो वाढत्या हाडाचाच वेगळा आजार असतो.

शॉयरमान यांनी हाच विचार पाठीला लावला.

तरुण मुलाला पोक आलं की तेव्हा साधारण दोन कारणं सांगितली जायची. एक तर मणक्याचा क्षय, नाहीतर कमी वयात कष्टाची कामं करून स्नायू कमजोर झाले. पण शॉयरमान यांच्या लक्षात आलं की सवयीचं पोक आडवं झाल्यावर जातं, या मुलांचं जात नाही. म्हणजे दोष स्नायूंत नसून हाडात असणार.

तो दिसायला एक्स-रे बाजूने काढावा लागत होता. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हृदयाची सावली छातीच्या मणक्यांवर येते आणि मणक्याची पुढची-मागची उंची कळत नाही. बाजूने बघितल्यावर निरोगी मणका चौकोनी दिसतो. या मुलांचे मणके पुढच्या बाजूला बुटके, पाचरीसारखे होते. अशा पाचरी एकावर एक आल्या की पाठीचा कणा वाकणारच. वर मणक्यांच्या कडा खडबडीत होत्या. क्षयात मणक्यांमधली गादी आणि तिच्या लगतचं हाड खाल्लं जातं, तसं इथे झालेलं नव्हतं.

१९२० मध्ये त्यांनी हे डॅनिश भाषेत आणि पुढच्या वर्षी जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. मणक्याच्या कडेला जिथे हाड वाढतं तिथेच बिघाड होतो, खुब्याच्या त्या आजारासारखाच, असं त्यांचं म्हणणं होतं. याच विषयावरचा प्रबंध त्यांनी डॉक्टरेटसाठी कोपनहेगन विद्यापीठाला दिला.

विद्यापीठाने तो नाकारला.

शॉयरमान यांनी एक्स-रेचं काम सोडलं नाही. ते पुढे कोपनहेगनच्या रुग्णालयांत क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. दरम्यान इतर देशांतले डॉक्टरही त्यांनी सांगितलेल्या खुणा फिल्मवर शोधू लागले आणि आजाराला त्यांचंच नाव पडलं. बिघाड नेमका कशामुळे होतो यावर पुढे बरेच वाद झाले, पण फिल्मवर त्यांनी जे बघितलं होतं ते टिकलं.

१९५७ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, कोपनहेगन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तीन वर्षांनी, १९६० मध्ये, त्यांचं निधन झालं.

१९६४ मध्ये सोरेन्सन या डॅनिश डॉक्टरने या आजारासाठी मोजमाप ठरवून दिलं: लागोपाठ तीन मणके, प्रत्येकी किमान ५ अंशांची पाचर. आजही पोक आलेल्या मुलाचा एक्स-रे हातात आला की डॉक्टर बाजूची फिल्म लावतात आणि या पाचरी मोजतात.