हिंगण्याची वाट

जुलै उजाडला आणि पावसाची झड लागली की कोणत्याही कॉलेजात पहिल्या तासाची हजेरी निम्म्यावर येते. प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही, आणि विद्यार्थ्यांना तर तो आपला हक्कच वाटतो. मौज अशी, की कॉलेजजवळच्या खोलीत राहणारा गैरहजर असतो आणि पाच-सहा मैलांवरून सायकल मारीत येणारा हजर असतो. पँटचे पाय दुमडलेले, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, मडगार्ड चिखलाने भरलेले, अशा थाटात तो मागच्या दाराने आत येतो आणि कोणाच्या नजरेला नजर न देता शेवटच्या बाकावर बसतो. कालपरवापर्यंत प्रत्येक वर्गात असे चारदोन तरी असत. आता स्कूटरी आणि बसगाड्या वाढल्यामुळे त्यांची संख्या रोडावली आहे. पण पाऊस तोच आहे, आणि वाट चुकवण्याचा मोहही तोच आहे.

अशाच एका पावसाळी वाटेवरून रोज जाणाऱ्या एका गणिताच्या प्राध्यापकाची ही हकीकत. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की महिला विद्यापीठ, भारतरत्न आणि एकशेचार वर्षांचे आयुष्य या तीन गोष्टी आपण पाठ म्हणून दाखवतो आणि मोकळे होतो. परीक्षेपुरते ते पुरते. परंतु त्यांचे चरित्र जरा सावकाश वाचले तर त्यात भाषणे फार थोडी आणि चालणे फार आढळते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे, स्थिती बेताची. शिक्षणाची सोय गावात जेवढी होती तेवढी संपल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला तो सरकारी नोकरीस पात्र ठरविणाऱ्या मराठी सहावीच्या परीक्षेचा. साल १८७५. परीक्षा सप्टेंबरात, म्हणजे कोकणात पावसाचा जोर ओसरलेला नसतो अशा वेळी. मुंबईस समुद्रमार्गे जाणे त्या हवेत जमेना, म्हणून मुरूडच्या काही मुलांनी पायीच साताऱ्यास जायचे ठरविले. अंतर शंभर मैलांहून अधिक, मध्ये आडवा सह्याद्री, आणि डोक्यावर अखंड पाऊस. ओढे फुगलेले, पायवाटा निसरड्या, रान दाट. चार दिवस ही मुले चालत होती. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांनी सतरा वर्षांच्या धोंडोकडे पाहिले आणि तुझे वय सतरा दिसत नाही, म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ असूनही त्याचा उपयोग झाला नाही. अंगकाठी लहान, चेहरा पोरसवदा, एवढाच अपराध.

अशा प्रसंगाने एखादा कायमचा कडवट झाला असता. हा मुलगा घरी परतला आणि पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. मला त्या दुसऱ्या वर्षाचे अधिक कौतुक वाटते. पहिल्या प्रवासात नवेपणाचा उत्साह असतो; ज्या वाटेने एकदा हात हलवीत परत यावे लागले, तशाच वाटेला पुन्हा लागायला निराळे बळ लागते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो पुस्तकांतून विपुल आला आहे. इंग्रजी शिक्षण त्यांना उशिराच मिळाले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. खाजगी शिकवण्या आणि मुलींच्या कॅथीड्रल व अलेक्झांड्रा शाळांतून गणित शिकविणे, असा त्यांचा मुंबईतील चरितार्थ होता. १८९१ साली पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. (इंदूरचे होळकर कॉलेजही याच १८९१ सालचे. माझे शिक्षण इंदुरास झाले, म्हणून हा योगायोग ध्यानात राहिला, इतकेच.) ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया म्हणत. मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला.

१८९६ साली अण्णांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. आश्रम आरंभी पुण्यातच होता. पण शहरात प्लेगचा कहर होता, आणि विधवा मुली एकत्र राहून शिकतात हे पुष्कळांना पाहवत नव्हते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली आणि जून १९०० मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, आश्रम तेथे गेला.

आता या ठिकाणी वाचकाने थोडे थांबून हिशेब करावा. कॉलेज पुण्यात, आश्रम सुमारे चार मैलांवर हिंगण्यास. मध्ये नीट रस्ता नाही. एरंडवण्याची शेते, बाभळी, काटेरी झुडपे आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. झोपडीत मूठभर स्त्रिया, आजूबाजूला वस्ती नाही. त्यांना रात्री एकट्या सोडता येत नव्हते, आणि दिवसा कॉलेजचे तास सोडता येत नव्हते. उपाय एकच होता. संध्याकाळी कॉलेजचे काम आटोपले की अण्णा हिंगण्याची वाट धरीत. तेथे गेल्यावर मुलींना शिकवीत, आश्रमाची कामे पाहत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा पुण्यास तासाला हजर होत. लागणारे किरकोळ सामानही बहुधा त्यांच्याच हातातून जाई. वय त्या वेळी बेचाळीस.

उन्हाळ्यात ही वाट नुसती लांब वाटते, पावसाळ्यात ती निराळीच होते. ज्यांनी काळ्या मातीतून सायकल नेली आहे त्यांना हे सांगायला नको. इंदुरास असताना शहराबाहेरच्या माझ्या खोलीपासून डांबरी सडकेपर्यंत दीड फर्लांग माळव्याची काळी माती होती. पहिल्या जोरदार सरीनंतर ती टायरला चिकटे, टायरवरून मडगार्डमध्ये जाऊन बसे, आणि दहा पावलांत चाक फिरायचे थांबे. मग काडीने माती उकरायची, पुन्हा दहा पावले. शेवटी आम्ही सायकलीच खांद्यावर घेत असू. अशा चिखलात चालणाऱ्याचीही गत फारशी वेगळी नसते; प्रत्येक पाऊल दुप्पट जड होऊन वर येते. आमचा तो प्रकार दीड फर्लांगाचा आणि विद्यार्थिदशेतील काही पावसाळ्यांचा. चार मैल म्हणजे बत्तीस फर्लांग, तेही जाऊन-येऊन, आणि दिवसभर गणित शिकवून झाल्यावर.

कोणी विचारील, त्यांनी सायकल का घेतली नाही? त्या काळी सायकल म्हणजे काय चीज होती ते आपल्या सीमाभागातल्या लोकांना तरी ठाऊक असायला हवे. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ च्या सुमारास सायकलींचे दुकान घातले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे. पुढे किंमती उतरल्या हे खरे. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचा पगार महिना पंचाहत्तर रुपये होता, आणि अण्णांच्या पगारातला पैसा घराआधी आश्रमाकडे धावे. सायकल तेव्हा हौशी श्रीमंतांची होती. ती गरिबाची आणि विद्यार्थ्याची झाली ती पुष्कळ नंतर. पुढे पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

मात्र या वाटेची खरी किंमत पैशात नव्हती, आणि ती एकट्या अण्णांनी भरली असेही नाही. येथे चरित्रकार पुष्कळदा घाईने पुढे जातात. आश्रम चालायचा तर सनातनी समाजाकडून वर्गणी मिळायला हवी होती, आणि समाज पुनर्विवाहाच्या नावाने बिचकत होता. म्हणून आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध नाही, असे स्पष्ट दिसणे अण्णांना आवश्यक वाटले. आणि आनंदीबाई तर स्वतःच पुनर्विवाहित! तेव्हा विधवांसाठी उभारलेल्या त्या संस्थेपासून, पूर्वी स्वतः विधवा असलेल्या संस्थापकाच्या पत्नीलाच दूर राहावे लागले. त्या मुलांना घेऊन पुण्यात राहत होत्या. नवरा संध्याकाळी कॉलेजातून घरी येण्याऐवजी उलट दिशेने चार मैल जात होता. पावसाळी रात्री मूल तापाने फणफणले तर आईनेच काय ते निभवायचे. हिंगण्याच्या वाटेवर भिजणारा दिसतो, घरात जागणारी दिसत नाही.

आनंदीबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. पुढे त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध आहे. आश्रमाच्या कामात आपल्याला स्थान मिळाले नाही याची खंत त्यांनी लपवून ठेवलेली नाही. अण्णांनी हा निर्णय स्वार्थासाठी घेतला नाही हे उघड आहे, आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्ग कितपत मोकळा होता हेही आज घरात बसून सांगणे सोपे नाही. तरी माझे मत विचाराल तर आनंदीबाईंचा राग रास्त होता. ज्या तत्त्वासाठी अण्णांनी गावचा बहिष्कार सोसला, ते तत्त्व आश्रमाच्या दाराशी आल्यावर त्यांनी जरा बाजूला उभे केले, आणि त्याबरोबर पत्नीलाही. थोर माणसाच्या आयुष्यातली ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न न करता तशीच पाहावी, हे बरे. आनंदीबाईंच्याच धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले मात्र विधवा म्हणूनच राहिल्या, आणि त्यांना आश्रमाचे दार उघडे होते. त्यांनी आश्रमासाठी गावोगाव फिरून, पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन पैसा जमविला. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक दाराच्या आत आणि एक बाहेर!

आश्रम वाढला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्ममठ. १९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. पंधरा लाखांचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. त्याआधीची वीसएक वर्षे अण्णा प्रत्येक सुट्टीत झोळी घेऊन गावोगाव हिंडत होते आणि आणे-रुपये गोळा करीत होते, ते फारसे राहत नाही. हिशेबात ते कमालीचे काटेकोर होते. गणिताचा प्राध्यापक शेवटी गणिताचा प्राध्यापकच.

वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. लोकमान्यांसारखी लेखणी नव्हती, आगरकरांसारखी धारही नव्हती. वादात उत्तर द्यायच्या वेळी ते बहुतेक गप्प राहत आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागत. पुण्यातल्या त्या गाजणाऱ्या मंडळींत हा ठेंगणा, अबोल माणूस उठून दिसत नसणार. पण संध्याकाळ झाली की तो हिंगण्याच्या वाटेवर दिसत असे, आणि आश्रमातल्या मुलींना तेवढे पुरेसे होते. दिवा लावायच्या सुमारास कोणी येणार आहे याची खात्री असणे, ही उजाड माळावरच्या झोपडीत फार मोठी गोष्ट असते.

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिंगण्याचा तो माळ आज कर्वेनगर म्हणून पुणे शहरात सामावून गेला आहे. डेक्कनकडून कोथरूडकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेला कर्वे रोड म्हणतात, आणि पावसाळ्यात तिच्यावर वाहने एकमेकांना खेटून उभी असतात. त्यांच्या मधून एखादा विद्यार्थी डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी ओढून सायकल काढीत असतो. १९०० सालची ती झोपडी संस्थेने आवारात जपून ठेवली आहे. कोणालाही ती जाऊन पाहता येते.