एमॅन्युएल सेलर : अर्धशतकाचे प्रतिनिधित्व

तुमच्या परिचयातील कोणी अमेरिकेत स्थायिक असेल, तर त्या स्थलांतरामागे ब्रुकलिनच्या एका वकिलाची चिकाटी आहे. एमॅन्युएल सेलर (१८८८–१९८१) मार्च १९२३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दाखल झाले आणि जवळजवळ पन्नास वर्षे तेथे राहिले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले होते, हे ध्यानात घ्या.

१९२४ साली देशवार कोटा ठरविणारा कायदा आला. पूर्व व दक्षिण युरोपातील लोकांचा प्रवेश त्याने अत्यंत संकुचित केला. बहुतांश आशियाला तर दारच बंद झाले. नवख्या सेलरांनी विरोध केला आणि ते हरले. (‘कोटा’ म्हणजे आपल्याला राखीव जागा आठवतात, तेथे तो मज्जावाचा शब्द होता.) १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, परंतु प्रवेश वर्षाला अवघ्या १०० जणांना. कोटापद्धती मोडणाऱ्या हार्ट-सेलर कायद्यासाठी १९६५ उजाडावे लागले. तोवर सेलर न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले होते. १९६४ चे नागरी हक्क विधेयकही त्यांनीच सभागृहात पुढे नेले.

म्हणून त्यांना सर्वार्थाने उदारमतवादी समजू नका. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी याच समितीत वर्षानुवर्षे अडवून धरली. १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन या तरुण वकील महिलेने त्यांचा निसटता पराभव केला. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.